सोसायटीतल्या प्रश्नमंजुषेसाठी प्रश्न कसे काढावेत

'यंदा गणपतीत प्रश्नमंजुषा तुम्ही घ्या,' असं कमिटीने सांगितलं की बहुतेक जण एकच करतात. मोबाइलवर 'सामान्य ज्ञान प्रश्न' असं शोधतात, पहिली सापडलेली यादी छापून घेतात आणि थेट मंडपात माइक हातात धरतात. मीही पहिली दोन वर्षं तेच केलं. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी दोन मुलं धडाधड उत्तरं देत सुटली, बाकीचे प्रसादाकडे डोळे लावून बसले आणि एका प्रश्नावर माझी चांगलीच फजिती झाली. ती पुढे सांगतो. त्यानंतर मी प्रश्न स्वतः काढायला लागलो. ते कसं, ते इथे लिहितो. जगाचा भूगोल, विज्ञान आणि इतिहास एवढंच धरतो, कारण सिनेमा-क्रिकेटचे प्रश्न काढायला कुणाला शिकवावं लागत नाही.

पहिली पायरी : हिशोब

चार संघ, पाच फेऱ्या म्हणजे वीस प्रश्न. प्रेक्षकांसाठी सहा-सात, बरोबरी झाली तर दोन-तीन. एकूण तीस लागले, तर पंचेचाळीस काढायचे. पंधरा तरी तपासणीत गळतात. नाही गळले, तर तुम्ही नीट तपासलं नाही असं समजा.

दुसरी पायरी : आधी उत्तर, मग प्रश्न

वाचताना जिथे तुमच्या तोंडून 'हो का?' निघतं, तिथे प्रश्न असतो. उदाहरणार्थ पोलोनियम. 'पोलोनियमचा शोध कोणी लावला?' असं विचारलं तर ज्याला पाठ आहे तो सांगेल, ज्याला नाही तो 'पास' म्हणेल. दोन सेकंदांत विषय संपला. आता यातली खरी गंमत बघा. मेरी क्युरी वॉर्सात जन्मल्या, १८६७ साली. तेव्हा पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हताच. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने तो १७९५पर्यंत वाटून घेतला होता आणि १९१८पर्यंत तो परत आला नाही. मेरी आणि पिएर क्युरींनी १८९८ मध्ये नवं मूलद्रव्य शोधलं आणि त्याला या नसलेल्या देशाचं नाव दिलं.

मग प्रश्न असा होतो : 'एका शास्त्रज्ञ दांपत्याने १८९८ मध्ये नव्या मूलद्रव्याला अशा देशाचं नाव दिलं, जो त्या वेळी नकाशावर नव्हता. मूलद्रव्य कोणतं?' आता संघात कुजबुज सुरू होते. एकजण म्हणतो दांपत्य म्हणजे क्युरीच, दुसरी म्हणते रेडियम, तिसरा म्हणतो, अगं रेडियम नावाचा देश कुठेय? सुतावरून स्वर्ग गाठायची संधी मिळाली की प्रेक्षकही खुर्चीत पुढे सरकतात.

अर्थात सगळेच प्रश्न असे नकोत. दर चारांत एक सरळ ठेवावा, नाहीतर लहान मुलं कंटाळतात.

तिसरी पायरी : 'सर्वात' हा शब्द दिसला की थांबा

निम्मी भांडणं या एका शब्दापायी होतात. 'जगातलं सर्वात मोठं वाळवंट कोणतं?' यादीत उत्तर असतं सहारा. पण वाळवंट ठरतं ते पाऊस-बर्फ किती पडतं त्यावरून, वाळू किती आहे त्यावरून नाही. त्या हिशोबाने अंटार्क्टिका पहिलं, सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर. सहारा सुमारे ९० लाख. 'सर्वात मोठं उष्ण वाळवंट' असं विचारलंत तर सहारा बरोबर. एक शब्द घातला की प्रश्न सुधारला.

एव्हरेस्टचंही तेच. समुद्रसपाटीपासून मोजलं तर एव्हरेस्टच पहिलं, ८,८४८.८६ मीटर, नेपाळ आणि चीनने डिसेंबर २०२० मध्ये मिळून जाहीर केलेला आकडा हा. पण पायथ्यापासून शेंड्यापर्यंत मोजायचं म्हटलं तर हवाईचा मौना केआ भरतो दहा हजार मीटरच्या वर, फक्त त्याचा निम्म्याहून जास्त भाग समुद्रात बुडालेला आहे. आणि पृथ्वीच्या केंद्रापासून सर्वात दूरचा शेंडा कोणता विचारलं, तर मान इक्वेडोरच्या चिंबोराझोला. त्याची उंची जेमतेम ६,२६३ मीटर. पण पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली आहे, तिथली त्रिज्या ध्रुवापेक्षा २१ किलोमीटरने जास्त. चिंबोराझो जवळजवळ विषुववृत्तावर बसलाय, म्हणून केंद्रापासूनच्या अंतरात तो एव्हरेस्टला सुमारे दोन किलोमीटरने मागे टाकतो. खरं तर या एका परिच्छेदातून तीन प्रश्न निघतात. तीन वेगवेगळ्या फेऱ्यांत विचारा, तिसऱ्याला कुणीतरी हमखास डोक्याला हात लावतं.

नाईल जास्त लांब की ॲमेझॉन, हा प्रश्न मात्र मी विचारतच नाही. बहुतेक पुस्तकं नाईल म्हणतात, पण ॲमेझॉनचा उगम कुठे धरायचा आणि मुख कुठे, यावर आकडे बदलतात. मंडपात तो वाद मिटत नाही.

शब्दांची अशीच काळजी शुक्राच्या प्रश्नात घ्यावी लागते. शुक्र स्वतःभोवती एक फेरी घ्यायला पृथ्वीचे २४३ दिवस घेतो आणि सूर्याभोवती फिरायला २२५. म्हणून 'दिवस वर्षापेक्षा मोठा' असं म्हणतात. पण दिवस म्हणजे एका सूर्योदयापासून दुसऱ्यापर्यंत असं धरलं, तर तिथला दिवस आपल्या ११७ दिवसांचाच येतो, कारण शुक्र उलटा फिरतो. म्हणून प्रश्नात 'दिवस' हा शब्द टाळा, 'स्वतःभोवतीची एक फेरी' असं म्हणा.

चौथी पायरी : उत्तराला तारीख लावा

सामान्य ज्ञानाची पुस्तकं दुधासारखी असतात, नासतात. ग्रहांमध्ये सर्वाधिक चंद्र कोणाचे? २०२३च्या सुरुवातीला काही महिने गुरू पुढे होता, मग मे महिन्यात शनी पुढे गेला आणि मार्च २०२५ मध्ये १२८ नवे चंद्र मान्य होऊन त्याचा आकडा २७४ झाला. कझाकस्तानची राजधानी अस्ताना होती, २०१९ मध्ये नूर-सुलतान झाली, २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना. तीन वर्षं ज्यांनी नवं नाव घोकलं त्यांचे कष्ट वाया. स्वाझीलँडचं एस्वातिनी झालं २०१८ मध्ये. प्लूटोला २००६ मध्ये ग्रहांच्या पंगतीतून उठवलं, तरी आजही कुठल्या ना कुठल्या यादीत तो नववा ग्रह म्हणून भेटतो. रद्दीतून आणलेलं पुस्तक वापरणार असाल तर आधी त्याचं प्रकाशन वर्ष बघा.

पाचवी पायरी : दोन ठिकाणी तपासा, आणि दुसरं ठिकाण पहिल्याची नक्कल नाही ना तेही बघा

आता ती फजिती. माझ्या कागदावर प्रश्न होता, 'हेलियमचा शोध कोणत्या किल्ल्यावर लागला?' उत्तर : विजयदुर्ग. कोकणातलं कुणीही सांगेल. १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर या साहेबाने तिथून दुर्बीण लावली, म्हणून किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' आहेत, अशी गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली. दहावीतला एक मुलगा उठून म्हणाला, 'काका, कुठल्याच किल्ल्यावर नाही.' मी हसलो, शून्य गुण दिले, त्याचा संघ एका गुणाने हरला.

घरी येऊन मी शोधायला बसलो. मी ज्या चार ठिकाणी विजयदुर्ग वाचलं होतं, त्या चारही ठिकाणची वाक्यं शब्दशः एकच होती. म्हणजे साक्षीदार चार नव्हते, एकच होता, आणि त्याची चार झेरॉक्स.

प्रत्यक्षात १८ ऑगस्ट १८६८च्या ग्रहणाचे मुख्य निरीक्षक होते ते असे : फ्रेंच शास्त्रज्ञ ज्यूल जान्सन आंध्रातल्या गुंटूरला, नॉर्मन पॉगसन मछलीपट्टणला, लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखिंडीला. लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. त्यांनी ऑक्टोबर १८६८ मध्ये, ग्रहण नसताना, तिथूनच सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून दिसणारा पट्टा, पाहिला. त्यातली पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळत नव्हती. जान्सन आणि लॉकियर यांची ग्रहणाशिवाय ज्वाळा बघण्याच्या युक्तीची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली. त्या पिवळ्या रेषेमागच्या पदार्थाला ग्रीक 'हेलिओस' म्हणजे सूर्य यावरून नाव मिळालं. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो १८९५ मध्ये, विल्यम रॅम्झी यांना, एका युरेनियमयुक्त खनिजात.

मग विजयदुर्गाचं काय? लॉकियर तिथे खरोखर आले होते. पण २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणाला! मेल्पोमिनी या युद्धनौकेवरचे खलाशी त्यांच्या मदतीला होते. तीस वर्षांच्या अंतराने झालेली दोन ग्रहणं लोकांच्या आठवणीत एक झाली, एवढंच. किल्ल्याचा मान त्याने कमी होत नाही. सूर्याच्या अभ्यासात विजयदुर्गाचं नाव आहेच, फक्त हेलियम तोवर रॅम्झींच्या बाटलीत पोचला होता.

दुसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी माइकवरून चूक कबूल केली. पारितोषिकाचा स्टीलचा डबा मात्र परत मागायला धजलो नाही, दुसरा विकत आणला.

तर तपासायचं कसं? दोन्ही ठिकाणची वाक्यं शेजारी ठेवा. सारखीच असतील तर ते एकच धरा. एक ठिकाण शक्यतो मूळ घराचं असावं : नोबेलसाठी नोबेलचं संकेतस्थळ, देशांच्या संख्येसाठी संयुक्त राष्ट्रांचं. आणि जे उत्तर ऐकून आपली छाती फुगते, ते तिसऱ्यांदा तपासा.

सहावी पायरी : इतिहासात कॅलेंडर विचारा

'गॅलिलिओ वारला त्याच वर्षी न्यूटन जन्मला' हे वाक्य फार लोकप्रिय आहे. गॅलिलिओचा मृत्यू ८ जानेवारी १६४२, न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२. दिसायला बरोबर. पण इटलीत तेव्हा ग्रेगोरियन कॅलेंडर होतं, म्हणजे आपण आज वापरतो ते, आणि इंग्लंड जुन्या, तेव्हा दहा दिवस मागे असलेल्या ज्युलियनवरच अडलेलं, ते थेट १७५२पर्यंत. ग्रेगोरियन धरलं तर न्यूटनचा जन्म जातो ४ जानेवारी १६४३ला. ज्युलियन धरलं तर गॅलिलिओचा मृत्यू मागे सरकतो २९ डिसेंबर १६४१ला. कुठलंही एकच कॅलेंडर घ्या, वर्ष जुळत नाही. तिथी की तारीख यावर वाद घालण्यात आपण मुरलेले आहोत, त्यामुळे हे मराठी प्रेक्षकांना चटकन कळतं. रशियाची 'ऑक्टोबर क्रांती' आपल्या कॅलेंडरने ७ नोव्हेंबर १९१७ची, हा याच जातीचा सोपा प्रश्न.

सातवी पायरी : मोठ्याने वाचा, आणि पर्यायी उत्तरं लिहून ठेवा

कागदावर छान वाटलेला प्रश्न माइकवर दम लागेपर्यंत संपत नाही. दोन वाक्यांच्या वर जाऊ देऊ नका आणि नेमकं काय हवंय ते शेवटी येऊ द्या. 'देश कोणता?' असं शेवटचे दोन शब्द सांगतात, तेव्हा बझरवर हात जातात.

आमच्याकडे अर्धी मुलं इंग्रजी माध्यमाची. 'विषुववृत्त' म्हटलं की ती एकमेकांकडे बघतात आणि 'सल्फर' म्हटलं की पहिल्या रांगेतल्या आजी विचारतात, म्हणजे गंधकच ना? म्हणून मी दोन्ही शब्द उच्चारतो. उत्तराच्या कागदावर चालणारी सगळी रूपं लिहितो : तुर्कस्तान, टर्की, तुर्किये, म्यानमार, ब्रह्मदेश. दक्षिण आफ्रिकेची राजधानी विचारलीत तर प्रिटोरिया, केपटाउन, ब्लूमफाँटेन तिन्ही बरोबर धरावी लागतात, कारण सरकार तिथे तीन गावांत वाटलेलं आहे.

आठवी पायरी : बरोबरीचा प्रश्न

इथे आकडा विचारायचा आणि जो जवळ जाईल तो जिंकला. पण पाठ असलेला आकडा नको. मी एकदा विचारलं, सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर यायला सरासरी किती सेकंद लागतात. बरोबर उत्तर सुमारे ४९९. दोन्ही संघांना 'आठ मिनिटं' पाठ होतं, दोघांनी ४८० लिहिलं, पुन्हा बरोबरी. त्यापेक्षा सुएझ कालव्याची लांबी विचारावी. उत्तर १९३ किलोमीटर. संयुक्त राष्ट्रांचे सदस्य देशही सध्या तेवढेच, म्हणून माझ्या लक्षात राहिलं. किंवा बेरिंगच्या सामुद्रधुनीतली दोन डायोमीड बेटं घ्या. एक रशियाचं, एक अमेरिकेचं, मधून आंतरराष्ट्रीय वाररेषा जाते. अंतर विचारलं की कुणी हजार किलोमीटर म्हणतं, कुणी पाचशे. असतं जेमतेम चार.

शेवटचं काम म्हणजे हरकतीचा नियम, तो सुरुवातीलाच माइकवर सांगून टाकायचा. हरकत त्याच फेरीत घ्यायची, निर्णय कागद बघून होईल, कागदावर नसलेलं उत्तर पटण्यासारखं असेल तर दोघांनाही गुण. मी प्रत्येक प्रश्नाच्या मागे चार गोष्टी लिहितो : उत्तर, पर्यायी उत्तरं, कुठे तपासलं, कधी तपासलं. उजवीकडे बोटभर समास कोरा सोडतो, हरकतींसाठी. गेल्या वर्षी त्या समासात तीन नोंदी झाल्या, त्यातल्या दोन पहिल्या रांगेतल्या आजींच्या, आणि दोन्ही बरोबर होत्या.