सोसायटीत कॉफी भाजताय? धूर आणि वासाच्या बाबतीत या चुका टाळा

एप्रिल-मेमध्ये कुणी वर्षाचा मसाला भाजायला घेतला की अख्ख्या मजल्याला ठसका लागतो, तरी कुणी सेक्रेटरीकडे धावत नाही. ते वर्षातून एकदाच असतं आणि पुढे वाटीभर मसाला शेजारीही जातो. कॉफी भाजणारा मात्र आठवड्यातून दोनदा घाणे काढतो आणि वर म्हणतो, ‘कॉफीचा वास कुणाला नको असतो?’

शेजाऱ्यापर्यंत तो वास पोचतच नाही. पाकीट उघडल्यावर दरवळतो तो भाजून झालेल्या दाण्यांचा सुगंध. भाजताना आधी ओल्या गवतासारखा वास येतो, मग पाव भाजल्यासारखा, त्यानंतर नाकात जाणारा आंबूस, आणि गडद भाजलीत तर शेवटी करपट. दोरीवरच्या कपड्यांत राहतात ते हे शेवटचे दोन.

धूर दिसत नाही, म्हणजे वासही गेला असं धरणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. धूर म्हणजे तेलकट, अतिसूक्ष्म थेंब आणि कण. वास म्हणजे वायू. दोघांची उपकरणं वेगळी लागतात आणि ती एका ठरावीक क्रमाने लावावी लागतात.

५ किलोचा घाणा मध्यम भाजला की साधारण ७५० ग्रॅम वजन कमी होतं. त्यातलं ५०० ग्रॅमच्या आसपास नुसतं पाणी असतं, कारण कच्च्या दाण्यात १० ते १२ टक्के ओलावा असतो. उरलेल्यात कार्बन डायऑक्साइड, दाण्यावरचा पातळ पापुद्रा आणि धूर-वास करणारी द्रव्यं येतात. पापुद्रा सायक्लोनमध्ये, म्हणजे हवा गरगर फिरवून जड कचरा खाली पाडणाऱ्या भांड्यात, पडतो. धुराचे कण मात्र बहुतेक एका मायक्रॉनहून बारीक असतात, ते सायक्लोनला दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी हॉटेलांच्या स्वयंपाकघरात बसवतात तसलं ईएसपी, म्हणजे विजेच्या भारावर कण ओढून घेणारं यंत्र, चांगलं चालतं. त्यातून बाहेर पडणारी हवा स्वच्छ दिसते, पण वास तसाच असतो. तो धरायला सक्रिय कार्बन, म्हणजे बारीक छिद्रांचा कोळसा, लागतो.

इथे बरेच जण पैसे वाचवायला ईएसपी वगळून थेट कार्बन लावतात. तेलकट धुराने कार्बनची छिद्रं बुजतात आणि महागडा फिल्टर लवकरच नुसता डबा होऊन बसतो. कार्बनला गरम आणि दमट हवाही सोसत नाही. हवा ४० अंशांच्या वर गेली किंवा आर्द्रता ७० टक्क्यांपलीकडे गेली की त्याची पकड ढिली पडते. म्हणजे कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर तो लवकर बदलावा लागणार, हे हिशेबात धरा. क्रम असा ठेवा: सायक्लोन, हवा थंड करायची सोय, जाळीचा फिल्टर, ईएसपी, शेवटी कार्बन.

आफ्टरबर्नर हा दोन्हींवरचा एकत्र उपाय. तो साधारण ६५० ते ७५० अंशांवर सगळं जाळून टाकतो. पण तो भट्टीपेक्षा जास्त गॅस खातो आणि वरच्या मजल्याखाली एवढी उष्णता ठेवणं मला तरी पटत नाही. निवासी इमारतीत यंत्र लहान ठेवा आणि भाजणं हलकं ठेवा, हे माझं मत. भाजताना दाणे दोनदा तडतडतात: पहिली तडतड साधारण १९६ ते २०५ अंशांवर होते, दुसरी २२४ च्या पुढे. खरा निळसर धूर या दोहोंच्या मधल्या शेवटच्या टप्प्यात सुटतो. दुसऱ्या तडतडीच्या आत घाणा काढलात तर निम्मी तक्रार तिथेच मिटते.

किचनची चिमणी आणि इमारतीची डक्ट

पॉपर (पॉपकॉर्नचं यंत्र) किंवा कढईत १००-२०० ग्रॅम भाजणाऱ्यांना चिमणी पुरते, पण तिला बाहेर जाणारा पाइप हवा. पाइप नसलेली चिमणी हवा गाळून पुन्हा खोलीतच सोडते, आणि तिचा छोटा कार्बन कॉफीपुढे टिकत नाही.

पाइप कुठे सोडता हेही पाहा. बाथरूमच्या खिडक्या जिथे उघडतात त्या डक्टमध्ये तो सोडला की धूर वर न जाता दर मजल्यावर हजेरी लावतो. शंका असेल तर उदबत्ती लावून बघा. आधी चिमणीजवळ धरून ओढ आहे का ते पाहा, मग पाइपच्या बाहेरच्या तोंडाशी कुणाला तरी उभं करून धूर कुठे वळतो ते बघा.

दुकानाच्या भट्टीचा पाइप गोल, आतून गुळगुळीत आणि शक्य तितका उभा असावा. काटकोनी वळणं आणि लांब आडवे पल्ले म्हणजे पापुद्रा आणि डांबरासारखा चिकटा साचायची हक्काची जागा, आणि पुढे आगीचं कारण. प्रत्येक वळणाशी साफ करायला झाकण ठेवा. भट्टीच्या तोंडापेक्षा पाइपचा व्यास कुठेही कमी करू नका.

धुराड्यावरची टोपी

पाऊस आत येऊ नये म्हणून पत्र्याची शंकूसारखी टोपी बसवतात. ती धूर खाली ढकलते, थेट खालच्या बाल्कनीत. त्याऐवजी पाइपच्या तोंडाभोवती जरा मोठ्या व्यासाची उघडी नळी बसवून घ्या. पाणी भिंतीलगत निथळून बाहेर जातं आणि हवा सरळ वर फेकली जाते.

थंड करायची जाळी विसरणं

भट्टीला सगळी यंत्रणा जोडलेली आणि भाजलेले दाणे थंड करायच्या जाळीचा पंखा मात्र खिडकीतून मोकळा, असं सर्रास दिसतं. २१० अंशांवरून बाहेर पडलेले दाणे त्या पहिल्या मिनिटात भरपूर धूर सोडतात. जाळीची हवाही त्याच वाटेने न्या.

खिडक्या बंद, पंखा जोरात

शेजाऱ्यांना वास जाऊ नये म्हणून सगळ्या खिडक्या लावून एक्झॉस्ट पूर्ण वेगाने चालवणं धोक्याचं आहे. बाहेर जाईल तेवढी हवा आत यायला वाट हवी. ती नसेल तर पंखा मिळेल तिथून ओढतो. घरात गॅस गीझर चालू असेल तर त्याचा कार्बन मोनॉक्साइड उलटा आत येऊ शकतो. ताजे भाजलेले दाणेही हा वायू सोडत राहतात, म्हणून डबे बंद लहान खोलीत रचून ठेवू नका. दुकानात डिटेक्टर लावाच.

आणि अलार्म वाजतो म्हणून स्मोक डिटेक्टरला पिशवी बांधू नका. त्या जागी उष्णतेवर चालणारा डिटेक्टर बसवता येतो का, ते सोसायटीच्या फायर कंत्राटदाराला विचारा. गरम पापुद्रा प्लॅस्टिकच्या बादलीत न टाकता झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका, आत ठिणगी राहते.

लक्षणावरून कारण शोधा

तक्रार आली की रूम फ्रेशनर मारण्यापेक्षा वही उघडा. घाण्याची वेळ, किती गडद भाजलं, वारा कुठला होता, एवढं लिहिलेलं असलं की उत्तर बहुधा सापडतं. हिवाळ्यात सकाळीच तक्रार येते आणि दुपारी नाही? थंड हवेचा थर धूर खाली दाबतोय, घाणे अकरानंतर काढा. धूर दिसत नाही पण वास येतो? कार्बन संपलाय. पहिल्या महिन्यात ठीक होतं आणि आता धूर खोलीत परततो? फिल्टर किंवा पाइप तुंबलाय. भाजलंच नव्हतं त्या दिवशीही वास आला? पापुद्र्याचा डबा बघा. नॅचरल प्रक्रियेच्या, म्हणजे फळासकट वाळवलेल्या, दाण्यांना पापुद्रा जास्त सुटतो, तो आठवडाभर साठवू नका. धुराची नव्हे, आवाजाची तक्रार असेल तर निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे, हे माहीत असू द्या.

‘छोटंसंच तर आहे’

विक्रीसाठी भाजत असाल तर सोसायटीची लेखी परवानगी, एफएसएसएआयचा परवाना आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते का याची चौकशी हे सगळं यंत्र घेण्याआधी करा. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर व्यवसायाला चालत नाही. प्रकरण चिघळलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकारी उपद्रव थांबवण्याचा सशर्त आदेश काढू शकतात. त्या वेळी तुमच्या हातात घाण्यांची वही, फिल्टर बदलल्याच्या पावत्या आणि कमिटीला दिलेल्या वेळापत्रकाची पोच असेल, तर बोलायला काही तरी असतं.