एका अक्षराच्या बदलातून नवा इंग्रजी शब्द कसा घडवावा

अनवट इंग्रजी शब्दातले एकच अक्षर बदलावे किंवा त्यात एक वाढवावे, आणि तयार झालेल्या शब्दाला कोशात शोभेल असा अर्थ द्यावा, असा हा खेळ आहे. आधी व्युत्पत्ती पाहावी, कारण खरी गंमत तिथेच दडलेली असते. ‘डीफेनेस्ट्रेशन’ (defenestration) म्हणजे एखाद्याला खिडकीतून बाहेर फेकणे. यातल्या ‘फेनेस्ट्रा’ या लॅटिन शब्दाचा अर्थ खिडकी, आणि १६१८ साली प्रागमध्ये तिघांना असे खरोखरच फेकले गेले होते. पहिल्या ‘डी’च्या जागी ‘आर’ ठेवला की ‘रीफेनेस्ट्रेशन’ होते, म्हणजे फेकलेल्या माणसाला त्याच खिडकीतून परत आत घेणे.

मला ‘पेट्रिकोर’ (petrichor) अधिक प्रिय आहे. मृद्गंधासाठी हा शब्द १९६४ साली बेअर आणि टॉमस या ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी घडवला. त्याच्या शेवटी ‘ई’ जोडताच त्यात घरकामाचा ‘चोअर’ (chore) डोकावतो, आणि नवा अर्थ आपोआप सुचतो: पहिल्या सरीचा वास येताच दोरीवरचे कपडे काढायला धावण्याचे काम.

अर्थ एकाच वाक्यात, कोशकाराच्या गंभीर सुरात लिहावा. मूळ शब्द वाचकाला ओळखू येत नसेल, तर तो बदल सोडून द्यावा.