‘रिस्पेक्टेड सर’च्या पुढे काय लिहायचं?

आधी भोसरी, मग चाकण. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांच्या एचआरमध्ये माझी सोळा वर्षं गेली. क्वालिटी इन्स्पेक्टरची एक जागा निघाली की दोन दिवसांत मेलबॉक्स अर्जांनी भरतो. निम्म्या मेलमध्ये एक अक्षर नसतं, नुसता रेझ्युमे जोडलेला. उरलेल्यांत ‘आय ॲम हार्डवर्किंग’, ‘गिव्ह मी अ चान्स टु प्रूव्ह मायसेल्फ’. हल्ली एआयकडून लिहून घेतलेली पत्रंही येतात. इंग्रजी गुळगुळीत, पण पंधरा जणांची सुरुवात शब्दशः तीच. आणि आठवड्यातून एकदा तरी शेजारच्या कंपनीचं नाव तसंच राहिलेलं पत्र येतंच.

गेल्या वर्षी माझ्या भाच्यानं रेझ्युमेसोबत पाठवायचं त्याचं अर्जाचं पत्र दाखवायला आणलं. डिप्लोमा मेकॅनिकल, वर्षभराची अप्रेंटिसशिप. पत्रात लिहिलं होतं, सगळ्या मेजरिंग इन्स्ट्रुमेंट्सचं नॉलेज आहे. मी विचारलं, “अरे, पण दिवसभर करायचास काय?”

“काही नाही गं मावशी, बोअर मोजायचो.”

मग चहा ठेवला आणि त्याला बोलतं केलं. बोअर म्हणजे पार्टमधलं गोल भोक. त्याचा बोअर 25 एच7 चा, म्हणजे व्यास 25.000 ते 25.021 मिलिमीटरच्या आत बसला पाहिजे. दर तासाला पाच पीस, बोअर गेज लावून. बोलता बोलता म्हणाला, जेवणाच्या सुट्टीत मशीन गार होतं, त्यामुळे पुन्हा चालू केल्यावर पहिले दोन-तीन पीस वरच्या हद्दीला चिकटायचे. त्यानं ते सुपरवायझरना दाखवलं आणि सुट्टीनंतरचे पहिले पाच पीस सगळेच्या सगळे तपासायचं ठरलं.

हे पत्रात का नाही, विचारलं तर म्हणे, “त्यात काय सांगायचंय?”

तेच तर सांगायचंय! तुम्हीही लिहायला बसण्याआधी घरातल्या कुणाला तरी, जमलं तर ज्याला तुमच्या कामातलं ओ की ठो कळत नाही अशा माणसाला, आपण दिवसभर काय करतो ते तोंडी सांगा. त्यानं जिथे ‘म्हणजे काय?’ विचारलं, तिथे तुमचा मजकूर आहे. दुसरीकडे जाहिरात समोर ठेवा आणि ही जागा का निघाली असेल याचा अंदाज बांधा. जाहिरातीत ‘मशिनिंग पार्ट्स, ड्रॉइंग रीडिंग, तिन्ही शिफ्ट’ असं असेल तर ज्याला रात्री फोन न करता पीस पास की नापास ठरवता येईल, असा माणूस त्यांना हवाय. तुमच्या दिवसातलं जे त्याला लागू पडतं तेवढंच उचला. बाकीचं रेझ्युमेत आहेच.

पत्र इंग्रजीत पाठवायचं असलं तरी आधी मराठीत लिहा, मग साध्या वाक्यांत उतरवा. भाच्याचा मधला परिच्छेद असा झाला:

“तुमच्या जाहिरातीत मशिनिंग पार्ट्सच्या तपासणीचा अनुभव मागितला आहे. वर्षभर मी सीएनसी लेथवरचे 25 एच7 बोअर तपासले. सुट्टीनंतर मशीन चालू झालं की पहिले काही पीस वरच्या हद्दीकडे सरकतात हे दिसल्यावर सुपरवायझरना सांगितलं. तेव्हापासून तिथे सुट्टीनंतरचे पहिले पाचही पीस तपासले जातात. सीएमएम मी स्वतः चालवलेलं नाही. त्याचा रिपोर्ट वाचता येतो.”

सीएमएम, म्हणजे पार्टची मापं घेणारं कॉम्प्युटरवरचं मशीन, चालवलेलं नाही हे वाक्य त्याला काढायचं होतं. मी काढू दिलं नाही. येत नाही ते सांगणाऱ्याच्या बाकीच्या वाक्यांवर आमचे क्वालिटीवाले विश्वास ठेवतात. उलट ‘रिजेक्शन 40 टक्क्यांनी कमी केलं’ असं त्याला घुसडायचं होतं, ते मी खोडलं. आकडा कुठून आणला, हा मुलाखतीतला पहिला प्रश्न असतो.

वडिलांचं नाव, जात, लग्न झालंय की नाही, यातलं काही नको. घरच्या अडचणीही नकोत. आईच्या आजारपणाची पत्रं वाचून जीव तुटतो, पण ती पुढे पाठवताना मी क्वालिटी हेडना काय सांगू? त्यापेक्षा शेवटी दोन ओळी कामाच्या लिहा: राहायला कुठे, तिन्ही शिफ्ट चालतील का, नोटीस पीरियड किती. पुणे-नाशिक रस्त्याची ट्रॅफिक ज्यानं भोगलीय त्याला ‘राहायला कुठे’चं महत्त्व सांगायला नको.

सुरुवातीला ‘सर/मॅडम’ लिहा. मला रोज ‘डिअर सर’ येतं. विषयाच्या ओळीत पद, शिक्षण, अनुभव. पत्र वेगळ्या फाइलमध्ये नको, मेलमध्येच असू द्या, कारण मी ते कंपनीच्या बसमध्ये फोनवर वाचते. दीडशे शब्द पुष्कळ झाले. फाइलला स्वतःचं नाव द्या, ‘न्यू रेझ्युमे फायनल 3’ नको.

आणि मेल आधी स्वतःलाच पाठवून फोनवर उघडून बघा. भाच्याचा तसा उघडला, तर पत्र झकास होतं, पण रेझ्युमे जोडायचाच राहिला होता.