थार-जिम्नीला विंच घेताय? आधी सुटे भाग कुठं मिळतात ते विचारा

पावसाळा तोंडावर आला की कोल्हापुरात आमच्या गॅरेजवर पोरं येतात आणि एकच मागणी करतात. "मामा, बारा हजारवाली विंच बसवून द्या की." विंच म्हणजे बंपरपाशी बसणारं, ड्रमवर रोप गुंडाळत अडकलेली गाडी ओढून काढणारं यंत्र. गाडी कुठली, तर जिम्नी. बारा हजार म्हणजे बारा हजार पौंडांची ओढ, किलोत साडेपाच टनांच्या जवळ. पाच दरवाजांच्या जिम्नीचं माणसं-सामानासकट कंपनीनं ठरवलेलं जास्तीत जास्त वजन १,५४५ किलो. एवढं धूड तिच्या नाकावर लटकवून पुढच्या स्प्रिंगा दाबायच्या कशासाठी, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "मित्राच्या गाडीला हाय."

हिशेब अवघड नाही. गाडीचं भरलेलं वजन घ्या. त्यात माणसं, पेट्रोल-डिझेल, टपावरचा कॅरिअर, जादाची स्टेपनी सगळं धरा. त्याची दीडपट करा आणि पौंड काढायला २.२ ने गुणा. जिम्नीचं उत्तर ५,१०० पौंडांच्या आसपास येतं. म्हणजे सहा हजारची चालते आणि आठ हजारची घेतली तर निवांत झोप लागते. थार भरल्यावर सव्वादोन टन धरली तर साडेसात हजाराच्या जवळ जाते, तिला ९,५०० ची घ्यावी. गुरखा अडीच टन धरा, तरी ९,५०० त भागतं. बारा हजारची गरज हायलक्स किंवा टपावर अख्खा संसार बांधलेल्या फॉर्च्युनरसारख्या गाड्यांना.

आणखी एक गोष्ट दुकानदार स्वतःहून सांगत नाही. कित्येक कंपन्यांच्या ९,५०० आणि १२,००० च्या विंचचं अंग एकच असतं, फक्त आतला गिअर रेशो बदलतो, साधारण २१८ चा २६५ होतो. ताकद वाढते, वेग कमी होतो. जास्त पैसे देऊन हळू चालणारी विंच घरी न्यायची असेल तर खुशाल न्या.

खोक्यावरचा आकडा खरा असला तरी तो ड्रमवरच्या रोपच्या पहिल्या थराचा असतो, म्हणजे जवळजवळ सगळा रोप बाहेर काढलेला असतानाचा. ड्रमवर एकेक थर चढत गेला की घेर वाढतो आणि ओढ कमी होते. ९,५०० ची विंच पहिल्या थराला ४,३०० किलो ओढत असेल तर दुसऱ्याला साडेतीन हजार, तिसऱ्याला तीन हजार आणि चौथ्याला २,६०० च्या आसपास उरते. आता प्रत्यक्षात काय होतं बघा. गाडी चिखलात चाकभर बसली की तिला हलवायला साधारण तिच्या वजनाइतकीच ओढ लागते. चिखल मडगार्डपर्यंत चढला की दुप्पट धरायची. त्यात चढ असला तर तोही मिळवायचा, तीस अंशाच्या चढाला वजनाचा निम्मा भार वाढतो. आणि झाड सापडतं ते आठ-दहा मीटरवर, म्हणजे ड्रमवर रोप तसाच गुंडाळलेला. सव्वादोन टनांची थार, चौथा थर, वर चढ. २,६०० त काय होणार?

म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगतो, मोठ्या विंचचे पैसे वाचव आणि एक चांगली कप्पी घे. रोप झाडाजवळच्या कप्पीतून फिरवून परत गाडीच्या हुकाला आणला की ओढ जवळपास दुप्पट, वेग निम्मा. शिवाय दुप्पट रोप बाहेर पडल्यामुळं ड्रमवरचे थरही उतरतात, हा फायदा वेगळाच. कप्पी, झाडाला गुंडाळायचा रुंद पट्टा, दोन शॅकल (पट्टा-हुक जोडायच्या लोखंडी कड्या), चामडी हातमोजे आणि तुटलेला रोप उसळू नये म्हणून त्यावर टाकायला जड कापडी डॅम्पर, एवढं घेतल्याशिवाय विंचचं बिल पुरं झालं असं समजू नका. आंबोली, गगनबावड्याकडं झाडं भरपूर, पण कारवीच्या झुडपाला पट्टा बांधणारे महाभाग आम्ही बघितलेत. मनगटाएवढं खोड मुळासकट हातात येतं. ऐन, जांभूळ, किंजळ असलं जुनं झाड बघा, आणि पट्टा बुंध्याशी, जमिनीलगत बांधा.

आता मुद्द्याची गोष्ट. विंच हे पावसाळ्यात बिघडण्यासाठीच जन्माला आलेलं यंत्र आहे असं धरून चाला. बंपरमागं, चाकाच्या चिखलाच्या माऱ्यात, नाल्यात सगळ्यात आधी बुडणारं. स्वस्त विंच घ्यायला माझी ना नाही. पण ती इथं, आपल्या गावात उघडता आणि दुरुस्त करता आली पाहिजे. माझी परीक्षा एवढीच.

मागं एक थार आली होती, लाल मातीच्या रस्त्यांवर पावसाळाभर फिरलेली. बटण दाबलं की नुसता 'कट्' आवाज, ड्रम जागचा हलेना. मोटरचे दोन लांब बोल्ट काढले, मागचं झाकण सैल केलं आणि तांबडं पाणी वाटीभर खाली आलं. पाणी शिरतं कसं तेही सांगतो. विंच ओढून ओढून मोटर तापते, तशीच गाडी नाल्यात घातली की मोटर एकदम गार होते, आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी ओढून घेते. खोक्यावर आयपी ६७, म्हणजे पाणी-धूळ शिरत नाही असा शिक्का, लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका, ती चाचणी नव्या सीलवर झालेली असते. तर त्या मोटरचे कार्बन ब्रश गंजानं घरातच अडकून बसले होते. ते सोडवले, कम्युटेटर, म्हणजे ब्रश टेकतात तो तांब्याचा भाग, बारीक पॉलिश पेपरनं पुसला. एक ब्रश फुटला होता, तो मोटर रिवाइंडिंगवाल्याकडं स्टार्टरचा थोडा मोठा मिळाला, कानशीनं घासून मापात आणला. दुसऱ्या टोकाचा गिअरबॉक्स उघडला तर ग्रीस पाण्यानं पांढरं पडून ताकासारखं झालेलं. धुतलं, नवीन ग्रीस, नवीन ओ-रिंग. संध्याकाळी ड्रम फिरायला लागला.

राहिला सोलेनॉइड, म्हणजे बटण दाबलं की मोटरला करंट जोडणारा जड स्विच. त्या कंपनीनं तो स्वतःच्याच आकाराच्या डब्यात, स्वतःच्याच पद्धतीच्या प्लगसकट ओतून बंद केलेला. कुठं उघडायची सोय नाही. मागवला, पैसे आगाऊ भरले, फोन केले, आणि तो हातात पडेपर्यंत रस्ते वाळून गेले होते.

तेव्हापासून फोनवर मी किंमत नंतर विचारतो. आधी सोलेनॉइड किंवा तेच काम करणारा कॉन्टॅक्टर सुटा मिळतो का, आणि तो साध्या चार बोल्टांचा आहे का, हे विचारतो. साधा असेल तर दुसऱ्या कुठल्याही चांगल्या कंपनीचा बसतो. मग ब्रश, सील किट, ड्रम मोकळा करायच्या क्लचची मूठ, रिमोटचा सॉकेट. "सगळं मिळतं साहेब" असं उत्तर आलं तर म्हणायचं, "मग विंचबरोबरच एक सील किट आणि एक कॉन्टॅक्टर पाठवा, बिलात लावा." तिथं खरं काय ते कळतं.

मोटर दोन जातींची. पर्मनंट मॅग्नेटवाली करंट कमी खाते, स्वस्त असते, पण लवकर तापते. सिरीज वाउंड, म्हणजे मॅग्नेटऐवजी तारेची गुंडाळी असलेली, जड कामाला टिकते. एकट्यानं रानात जाणार असाल तर सिरीज वाउंडच घ्या. गिअर बहुतेक सगळ्यांत प्लॅनेटरी असतात, त्यावर डोकं खाऊ नका. फक्त लक्षात ठेवा, बहुतेक प्लॅनेटरीत ब्रेक ड्रमच्या आत असतो. उतारावर गाडी विंचला टांगून खाली सोडत राहिलात तर ड्रम भाजेल इतका तापतो, आणि सिंथेटिक रोपचा धागा दीडशे अंशांच्या आसपास वितळतो.

त्यावरून रोप. तारेचा जड असतो, त्याच्या कुसळांनी हात फाटतात, आणि तुटला तर चाबकासारखा परत येतो. सिंथेटिक हलका, विंचचं वजन आठ-दहा किलोनं उतरतं, पाण्यावर तरंगतो, हातानं एकमेकांत ओवून तात्पुरता जोडताही येतो. पण जांभ्याच्या धारेवर घासला की संपला, उन्हानंही कमजोर होतो, आणि लाल मातीचे कण धाग्यात बसले की आतून कापत राहतात. म्हणून दर फेरीनंतर सगळा सोडून साध्या पाण्यात धुवायचा. ज्याला धुवायचा कंटाळा आहे त्यानं तारेचाच घ्यावा. रोप बाहेर येतो त्या तोंडाला फेअरलीड म्हणतात. तारेला रोलरचा, सिंथेटिकला गुळगुळीत अॅल्युमिनिअमचा. तारेनं ओरखडलेल्या रोलरवर सिंथेटिक चढवू नका. आणि कुठलाही असो, ड्रमवर शेवटचे वेढे ठेवायचेच, तारेचे किमान पाच, सिंथेटिकचे आठ-दहा. रोपचं टोक ड्रमला अडकवलेलं असतं ते जागेवर राहण्यापुरतं, भार ते वेढे धरतात.

वायरिंगमध्ये लोक फार कंजुषी करतात. पूर्ण भाराला ९,५०० ची विंच चारशे अँपिअरच्या घरात खाते. अल्टरनेटर त्यातले शंभर-सव्वाशे देणार, बाकी सगळं बॅटरीतून. केबल किमान ३५ चौरस मिलिमीटरची, बॅटरी लांब असेल तर ५० ची. वेल्डिंगची केबल चालते, पण सोलून बघा, तांबं पाहिजे. अॅल्युमिनिअमची तारही बाजारात त्याच रंगात मिळते. निगेटिव्ह थेट बॅटरीला, बंपरच्या नटाला नाही. मध्ये हाताशी येईल असा आयसोलेटर स्विच हवाच, कारण सोलेनॉइडचे पॉइंट चिकटले तर बटण सोडलं तरी विंच ओढतच राहते, आणि हुक फेअरलीडवर येऊन आदळायच्या आत कुणीतरी करंट तोडला पाहिजे. ओढताना इंजिन चालू, थोडा रेस, आणि मिनिटभर ओढून विंचला श्वास घ्यायला द्या.

बसवल्यावर पैसे चुकते करण्याआधी क्लॅम्प मीटर, म्हणजे केबलभोवती अडकवून करंट मोजायचा मीटर, लावा. विनाभार करंट शंभराच्या आत पाहिजे, दोन्ही दिशांना जवळपास सारखा. मग हलक्या चढावर दुसऱ्या गाडीला हुक लावून स्वतःची गाडी ओढून घ्या आणि त्या वेळी विंचच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज बघा. बॅटरीवर बारा आणि इथं दहाच्या खाली दिसलं तर केबल किंवा तिच्या टोकाचा लग बदलून घ्या. नवीन रोपही असाच भाराखाली घट्ट गुंडाळून घ्यायचा असतो, सैल रोप पहिल्याच ओढीत खालच्या थरात रुतून बसतो.

विंच बसते ती प्लेट चासीच्या दांड्यांना बोल्ट झालेली हवी, पत्र्याला नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मापाची प्लेट कापून, वाकवून, ड्रिल करून मिळते, मात्र बोल्ट ८.८ किंवा १०.९ ग्रेडचेच घाला. पुढं मोठा लोखंडी बंपर लावून त्यात विंच ठेवायची हौस असेल तर आवरा. केंद्रीय परिवहन मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून असले क्रॅश गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरुद्ध असल्याचं कळवलंय, आणि एअरबॅगच्या सेन्सरचंही गणित बिघडतं. कंपनीच्या बंपरमागं लपणारी प्लेट बरी. रेडिएटरसमोरची हवा किती अडतेय तेवढं बघा, नाहीतर घाटात काटा वर जातो.

कंपनी कुठली? पैसा असेल तर अमेरिकेची वॉर्न, लाखाच्या पुढं तयारी ठेवा. तैवानची कमअप चांगली. चिनी मालात रुन्वासारख्या नावाच्या, ज्यांचे भाग सुटे मिळतात त्या घ्या, ९,५०० ची चाळीस-पन्नास हजारांच्या आसपास बघायला मिळेल. नुसता स्टिकर बदललेली, बिल नसलेली, पंचवीस हजारांची आली तर मी बसवायला नाही म्हणतो. वायरलेस रिमोट फुकट देतात म्हणून भाळू नका, वायरचा रिमोट डब्यात असलाच पाहिजे.

आणि सगळ्यांना इलेक्ट्रिक विंच लागते असंही नाही. नेहमी दोन-तीन गाड्या मिळून जात असाल तर चांगला ताणणारा पट्टा आणि पुढं-मागं मजबूत हुक पुरतात. बजेटच नसेल तर हातानं चालवायचं तिरफोर घ्या, १.६ टनाचं, कप्पी लावली की जिम्नी, जिप्सीला पुरतं. घाम निघतो खरा, पण बॅटरी लागत नाही, पाण्याचं भय नाही, आणि गाडी मागच्या बाजूनंही ओढून काढता येते. पुढं लावलेल्या विंचला हे सहज जमत नाही, आणि नाल्यात अडकलेली गाडी बहुतेक वेळा आली त्याच वाटेनं परत काढायची असते.

जुनी विंच मिळत असेल तर क्लच सोडून ड्रम हातानं फिरवा. अडखळला तर गिअर किंवा बेअरिंग गेलंय. मग मोटरचं मागचं झाकण उघडून दाखवायला सांगा. विकणारा नको म्हणाला तर चहा पिऊन परत या.