खानापूरच्या माळावर स्टार पार्टी भरवायची तर

स्टार पार्टी म्हणजे काय मोठं प्रकरण नाही, चार-पाच दुर्बिणीवाले, तेवढेच नुसते डोळे घेऊन येणारे, एक अंधारी जागा आणि अख्खी रात्र. बेळगावकरांना अशी जागा गाडीनं तासाभरावर मिळते, तरी बरेच जण गच्चीवरनं शनी-गुरू बघून समाधान मानतात, ते बघून जीव हळहळतो, म्हणून हे लिहितोय.

आधी तारीख. कॅलेंडर काढून अमावास्या बघा आणि तिच्या जवळचा शनिवार धरा, एक-दोन दिवस पुढं झालं तरी चालतं कारण चंद्रकोर लवकर मावळते. जून ते सप्टेंबर खानापूर, जांबोटी, कणकुंबी पट्ट्यात आभाळाचं नाव काढू नका, ऑक्टोबरचाही भरवसा नाही. नोव्हेंबरचा शेवट ते मार्च हा खरा सीझन, एप्रिलला वळवाचे ढग आणि धुरकट हवा सुरू होते.

जागा निवडताना एकच गोष्ट डोक्यात ठेवा, शहर आपल्या उत्तरेला राहिलं पाहिजे. म्हणजे खानापूरच्या बाजूला या, बेळगावच्या दिव्यांचा उजेड पाठीमागं पडतो आणि पुढं दक्षिणेला जंगलाचा अंधार मिळतो, आणि आपली सगळी श्रीमंती दक्षिणेलाच आहे. आपण साधारण १६ अक्षांशावर आहोत, त्यामुळं अगस्त्य तारा दक्षिण क्षितिजापासून २१ अंश वर येतो, ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ २६-२७ अंश, त्रिशंकू (चार ताऱ्यांचा दक्षिणेचा क्रॉस) सुद्धा साधारण ११ ते १७ अंशांवर उभा दिसतो, दिल्लीवाल्यांना हे असं कुठं मिळणार! पण ज्यांच्याकडं इक्वेटोरियल माउंट, म्हणजे ध्रुवताऱ्याकडं रोखून लावायचं, आभाळाबरोबर फिरणारं स्टँड आहे त्यांच्यासाठी उत्तरेची बाजूही थोडी मोकळी बघा, आपल्याकडं ध्रुवतारा जेमतेम १६ अंशांवर असतो, हात लांब करून दीड मूठ, समोर आंब्याचं एक झाड असलं तरी अलाइनमेंट बोंबलते.

जंगलात मात्र घुसायचं नाही. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत रात्रीचं थांबणं नकोच, आणि बाहेर सुद्धा त्या बाजूला अस्वल, गवे फिरतात. ओळखीच्या माणसाचं भात कापलेलं शेत सगळ्यात बेस्ट, जमीन कोरडी, सपाट, गाडी शेजारपर्यंत जाते. फक्त आजूबाजूला ऊस तोडून पाचट पेटवणार आहेत का ते विचारून घ्या, धूर आला की रात्र गेली.

आता सगळ्यात महत्त्वाचं, गावाला सांगणं. विचार करा, अमावास्येची रात्र, शेतात अनोळखी गाड्या, लाल दिवे, तोफेसारखी नळकांडी आणि कुजबूज. गुप्तधन काढायला आलेत नाहीतर करणी करायला, असंच कुणालाही वाटणार आणि त्यात त्यांची काही चूक नाही. म्हणून दोन दिवस आधी जाऊन शेतमालकाला, पंचायतीतल्या माणसाला आणि जवळच्या पोलीस ठाण्यात सांगून या, मराठी-कन्नड दोन्ही बोलणारा एक जण बरोबर घ्या, आणि नुसतं सांगू नका, बघायला बोलवा. संध्याकाळी सात ते नऊ गावासाठी ठेवा. पेरणी नक्षत्रावर करणाऱ्या माणसाला रोहिणी, मृग, आर्द्रा तोंडपाठ असतात, त्याला आभाळातली खरी रोहिणी बोट करून दाखवली की तोच पुढं तिकांडं, म्हणजे मृगातले ओळीतले तीन तारे दाखवतो, जुनी माणसं सप्तर्षींत बाज आणि तिच्यामागचे तीन चोर सांगतात. मग शेतावरचा दिवा मालवा म्हणून वेगळं सांगावं लागत नाही.

दुर्बिणीला पहिल्यांदा डोळा लावणाऱ्याला निम्म्या वेळा काहीच दिसत नाही, हे लक्षात असू द्या. डोळा मागं-पुढं होतो, हात आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) लागतो आणि तारा पळतो. हात पाठीमागं बांधायला सांगा, दुसरा डोळा मिटण्यापेक्षा तळव्यानं झाका म्हणावं, मग अगदी हळू जवळ या. पोरांना स्टूल लागतंच. आणि मृगातला तेजोमेघ दाखवताना आधीच सांगा की फोटोतला गुलाबी रंग दिसणार नाही, राखाडी धूर दिसेल आणि त्यात चार बारीक तारे, ते बघा. एम ३१, म्हणजे देवयानी दीर्घिकेसारखं अंधुक काही असलं तर सरळ न बघता जरा बाजूला नजर ठेवायची, कडेच्या नजरेला अंधारात जास्त दिसतं.

उजेडाचे नियम कडक ठेवा, इथं भिडस्तपणा नको. डोळे अंधाराला सरावायला २०-३० मिनिटं लागतात आणि एक पांढरा टॉर्च क्षणात सगळं घालवतो. टॉर्चला लाल जिलेटीनचे दोन-तीन पदर लावा, मोबाईल खिशात, गाडी उजेडी पोचून तोंड रस्त्याकडं करून लावा, आतला दिवा बंद करा, रिमोटनं लॉक करू नका कारण इंडिकेटर चमकतात. मध्येच जाणाऱ्यानं गाडी लांब लावावी. हिरवा लेसर एकाच माणसाच्या हातात द्या, माणसांकडं कधीच नाही आणि विमान दिसलं की बंद, सांबऱ्याच्या विमानतळाची विमानं इकडनं जातात.

मध्यरात्रीनंतर दव पडतं, बारीक नाही, टेबलावरचा नकाशा ओला चिंब होतो आणि लेन्स आंधळी होते. पुढं कार्डबोर्डची दवटोपी गुंडाळा, आरशाच्या दुर्बिणी दोन तास आधी बाहेर काढून गार होऊ द्या. कानटोपी, पायमोजे, घोंगडं, थर्मासात चहा, भडंग, शेंगाचटणी-भाकरी, आणि कुंदा कुणीतरी आणतोच.

बघायचं काय? फेब्रुवारीत नऊच्या सुमारास अगस्त्य सगळ्यात वर असतो. मार्चमध्ये झोपू नका, दीडच्या सुमारास त्रिशंकू दक्षिणेला उभा राहतो आणि अडीचच्या आसपास ओमेगा सेंटॉरी, सतरा हजार प्रकाशवर्षांवरचा ताऱ्यांचा गोळा, साध्या १०×५० बायनॉक्युलरमधनं सुद्धा दिसतो. मेसियर मॅरेथॉन, म्हणजे मेसियरच्या यादीतले तेजोमेघ, गुच्छ, दीर्घिका एका रात्रीत बघणं, तीही मार्चमध्येच करायची, यादी ११० ची आहे, दोघांनी मिळून केली तर मजा येते, एक शोधतो एक लिहितो.

उजाडलं की शेतात कागद-प्लास्टिक राहिलंय का ते सगळ्यांनी ओळीनं चालत बघा. ओल्या लेन्सला टोपण लावून बॅगेत भरू नका, घरी उघडी वाळवा नाहीतर बुरशी धरते. आणि लगेच स्टिअरिंगवर बसू नका, मागचा लाईट नसलेले उसाचे ट्रॅक्टर पहाटे रस्त्यावर असतात, गाडीतच तासभर झोप काढा आणि मग निघा.