गोबरगॅसची स्लरी परत टाकीत कशी वापरायची

आमच्याकडं करवीर तालुक्यात बरेच जण स्लरी, म्हणजे गॅस निघाल्यावर टाकीतून बाहेर पडणारं पातळ शेण, थेट उसाच्या पाटात सोडतात. खत म्हणून ती भारीच आहे, पण तिच्यातलं पाणी आधी टाकीत घालायचं शेण कालवायला वापरून बघा. त्या पाण्यात गॅस करणारे जिवाणू तयारच असतात, शिवाय साधं पाणी कमी लागतं.

2 घनमीटरच्या प्लॅन्टला रोज अंदाजे 50 किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. आउटलेटमधून ताजी स्लरी घ्यायची, हौदात पडून वाळलेली नको, बारदानातून गाळायची, आणि बादलीत तासभर ठेवायची म्हणजे वाळू-माती तळाला बसते, ती टाकीत गेली की टाकीची जागाच खाते. मग वरचं पाणी घ्या. सुरुवातीला चौथा हिस्सा गाळलेलं पाणी आणि बाकी साधं, दोन-तीन आठवडे ज्योत बघायची, नीट जळत असेल तर निम्म्यापर्यंत न्यायचं. त्याच्या वर मी जात नाही, कारण तेच पाणी फिरत राहिलं की अमोनिया आणि क्षार साठत जातात आणि मग जिवाणूच मंदावतात.

डिसेंबर-जानेवारीत गॅस कमी पडतो तो थंडीमुळं, या जिवाणूंना 35 अंशाच्या आसपासची ऊब आवडते. म्हणून गाळलेलं पाणी काळ्या ड्रममध्ये झाकण लावून उन्हात ठेवायचं आणि दुपारी त्यातच शेण कालवून टाकायचं. झाकण विसरू नका, हवा लागलेली या जिवाणूंना चालत नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत मात्र ठेवू नका.

स्लरीला डोळ्याला झोंबणारा वास आला तर अमोनिया वाढलाय, आठ-दहा दिवस फक्त साधं पाणी वापरा, गोमूत्रही टाकीत जाऊ देऊ नका. आंबट वास आला आणि ज्योत विझायला लागली तर टाकी आंबट झालीय, मग शेण टाकणं चार-पाच दिवस बंद, आणि सामू (आंबटपणाचं माप) दाखवणारा pH कागद आणून बघा, सामू 7 च्या आसपास आला की थोडं थोडं सुरू करायचं. गोठा फिनेलनं धुतलेलं पाणी तर कधीच टाकीकडं वळवू नका, आमच्या टाकीची तशीच वाट लागली होती, महिनाभर चूल पेटवावी लागली.

बारदानात राहिलेला चोथा परत टाकीत नको, म्हशीच्या शेणातली ती वैरण आधीच पचायला जड असते, वर साय धरून गॅसची वाट अडवते. तो उसाच्या पाचटावर पसरायचा आणि वरनं उरलेली स्लरी शिंपडायची, पाचट लवकर कुजतं.