जुन्या पिकअपला एलईडी हेडलाइट: बसवणं आणि लेव्हल करणं

जुन्या बोलेरो पिकअपला १२ व्होल्टचा, ६०/५५ वॅटचा एच४ बल्ब येतो. एलईडी घेण्याआधी रिफ्लेक्टर बघा. चांदी उडाली असेल, काच धुरकट असेल तर आधी असेंब्ली बदला. नाहीतर बल्ब कितीही भारी टाका, उजेड नुसता पसरतो. रंग ५००० केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचं माप) आसपासचा घ्या. निळसर उजेड पावसात डोळ्यांना त्रास देतो.

बॅटरीची निगेटिव्ह काढा. कनेक्टर ओढा, रबरी बूट काढा, स्प्रिंग क्लिप सोडवा. नवा बल्ब बसवताना एलईडी चिपची (उजेड देणाऱ्या पट्ट्यांची) तोंडं डावी-उजवीकडे हवीत, वर-खाली नाही. कॉलर (बल्बची बसायची कडी) तिरकी बसली की कटऑफ, म्हणजे उजेडाची वरची रेषा, मोडतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. बूट घट्ट बसवा, नाहीतर पहिल्याच पावसात आत पाणी. बल्ब लुकलुकला तर आधी गंजलेलं अर्थिंग तपासा, टोक घासून बॉडीला आवळा.

लेव्हल करताना मात्र घाई नको. टायरची हवा बरोबर, हौद्यात नेहमीचा माल, ड्रायव्हर सीटवर. माल भरला की मागचं बसतं आणि बोनेट वर जातं, म्हणून रिकाम्या गाडीवरची लेव्हल भरल्यावर फसते. सपाट जागी भिंतीपासून ७.५ मीटरवर गाडी लावा. बल्बच्या मध्याच्या उंचीची खूण भिंतीवर करा, त्याखाली ७.५ सेंटिमीटरवर चिकटपट्टी. एक दिवा झाकून, अ‍ॅडजस्टिंग स्क्रू फिरवत लो बीमची (डिपरच्या उजेडाची) कटऑफ रेषा तिथे आणा, मग दुसरा. रेषा उजवीकडे सपाट, डावीकडे चढती हवी. उलटी आली तर असेंब्ली परदेशातली, उजव्या बाजूच्या वाहतुकीची आहे. ती परत करा.